कागदावर नसलेली खाडी

आगरदांड्याच्या धक्क्यावर माझी म्हातारी मोटार जंगलजेट्टीत (गाड्या नेणाऱ्या बोटीत) चढवली, तेव्हा डोक्यात एकच गोष्ट होती. दिघीपलीकडच्या एका कोळीवाड्यातलं कालवण. ते खाल्लेला माणूस आठवडाभर हात धूत नाही, अशी त्याची ख्याती आहे. ती मीच पुण्यात पसरवली होती. खायचं तेवढं राहिलं होतं.

खाडी त्या दिवशी इतकी सपाट होती, की वरून इस्त्री फिरवली असावी. पलीकडच्या किनाऱ्यावर हजारो पताका फडफडत होत्या. निळ्या, पिवळ्या, चंदेरी.

"कसली जत्रा हो?" मी खलाशाला विचारलं.

"जत्रा न्हाय. कचरा हाय."

मी मोठ्यांदा हसलो. तो हसला नाही. तिथून जो माझा गोंधळ सुरू झाला, तो अजून चालू आहे.

कोळीवाड्यात पोहोचलो, तर खरंच. वलांडी (बोंबील सुकवायला उभारलेल्या बांबूंच्या ओळी) या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलेल्या, आणि बोंबील एकही नाही. दुधाच्या पिशव्या, वेफर्सची पाकिटं, तेलाच्या पिशव्या, धुऊन, जोडीजोडीने अडकवलेल्या. बोंबील जबड्यात जबडा घालून टांगतात ना, अगदी तसंच. पिशवीला जबडा कुठून आणला, तर कोपऱ्याला चीर देऊन.

ज्यांच्या घरी जेवणार होतो त्या मंदाताई दारातच भेटल्या.

"ताई, हे काय?"

"योजना," त्या म्हणाल्या. "गावात सभा झाली. आता कचरा डेपोत टाकायचा न्हाय, गावागावांचा गोळा करून एका शेडमध्ये न्यायचा. पलास्टिक कोरडं पायजे, ओलं घेणार न्हाय म्हनले. कोरडं करायचं आम्हाला काय शिकवता? लावलं वलांडीवर."

"मग नेत का नाहीत?"

"टेम्पो येतोय म्हनतात. येतोयच. आन् सांजच्याला आमच्या मालकांची होडी लागंल बोंबील घेऊन. ते कुठं लावू, तुमच्या डोक्यावर? ओला बोंबील उद्या दुपारपर्यंत पाणी होतो, काका."

"मग काढून ठेवा बाजूला."

"कुठं? वारा सुटला की परत दर्यात. आन् होडी परत तेच जाळ्यात आणनार."

एवढं बोलून त्यांनी पानात कालवण वाढलं. ते कालवण होतं असं, की माझी जीभ सुटली. मी म्हणून गेलो, "अहो, अख्ख्या पुण्याचा कचरा मी मार्गी लावलाय." वास्तविक मी फक्त आमच्या घरची बादली खाली नेतो, तीही बायको दोनदा ओरडल्यावर. पण हात धुऊन (हो, धुतले) बाहेर आलो, तर चार बायका माझ्या मोटारीत गोण्या कोंबत होत्या. मागची काच दिसेनाशी झाली. मग पुढचीही अर्धी.

"म्हसळ्याला देऊन टाका," मंदाताई म्हणाल्या. "तुम्हाला काय, वळख असंल."

घाटातल्या वळणांवर गोण्या माझ्याकडे झुकत होत्या. एक तर खांद्यावर मान टाकून झोपलीच. म्हसळ्याच्या शेडवर एक शांत गृहस्थ होते. त्यांनी भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवलं.

"हे गाव आमच्या गटात नाही. आगरदांड्याच्या गटात आहे. सगळ्यात जवळचं केंद्र तेच."

"मध्ये खाडी आहे."

"कुठाय?"

मी पाहिलं. खाडी नव्हती. बोटीची तुटक रेघ होती, ती कुणीतरी गिरवून रस्ता केला होता.

"अहो, मी सकाळी तिच्यावरून आलो."

"असेल. म्हणूनच टेम्पो पोचत नाही वाटतं," ते विचारात पडले. "बोटवाले कचऱ्याची गाडी मासळीशेजारी उभी करू देत नाहीत. बरोबर आहे त्यांचं."

"मग तुम्ही घ्या."

"आमची शेड चार गावांची. पाचव्याचं घेतलं तर सहावं येईल. तेही बरोबरच आहे ना?"

सगळ्यांचंच बरोबर होतं. गोण्या तेवढ्या माझ्याकडे होत्या.

ताम्हिणीमार्गे पुण्यात शिरलो. आमच्या भंगारवाल्याने गोणी उघडून वास घेतला. "बोंबील आहे का काय?" म्हणाला, आणि सुका, स्वच्छ माल बघून खुशीत घेऊन गेला. एवढं सोपं असेल तर तो नकाशा कशाला, आणि तो नकाशा हवाच असेल तर हे एवढं सोपं कसं, हे मला अजून उलगडलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंदाताईंना फोन केला. "लागले का बोंबील?"

"लागले की. ऊनपन कडक हाय. एक वाया न्हाय गेला."

खरं सांगतो, माझी छाती मोटारीच्या दारात मावली नसती. नियोजनातलं एक तरी काम मी पार पाडलं होतं, असं वाटलं.

"आन् काका," त्या म्हणाल्या, "पुढच्या गोण्या भरून ठेवल्यात. टेम्पो न्हाय आला तरी चालंल, सभेत सांगितलंय सगळ्यांना. आपलं गाव आता पुण्याच्या गटात हाय."