कडूबाईनं ओढलेली फीत

कडूबाईच्या आधीची लेकरं पाळण्यातच गेली, म्हणून आईनं तिचं नाव कडू ठेवलं. काळानं तोंडात घेतली तरी थुंकून टाकावी, एवढाच हेतू. पोर जगली. नाव मात्र जिभेवर उतरलं, असं मिरजगावात लोक म्हणत. तिच्या पाठीमागं म्हणत.

बाळंतपणं करायला ती सासूच्या हाताखाली शिकली. गावातल्या निम्म्या पोरांची नाळ तिनंच कापलेली. बोलावणं आलं की ताटावरून उठून निघायची, आणि बाई मोकळी करता करता तिच्या सासूचा, नवऱ्याचा उद्धारही करून यायची. लोक भीत, पण बोलावत. पुढं हायवेला गाड्या वाढल्या आणि पोरी उठून नगरच्या दवाखान्यात जायला लागल्या. कडूबाईनं ते मनाला लावून घेतलं. दवाखान्यातून आलेली बाळंतीण दिसली की ती तोंड फिरवायची.

सून शुभांगी शेवगावची, बारावी झालेली. दोघींचं पहिल्यापासून वाकडं. सासूनं तेलाचा हात पोटाला लावला की शुभांगी अंग चोरायची. सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात तिचे दिवस भरून वर गेले, तरी कळा येईनात. कडूबाई काढे करून द्यायची, शुभांगी ते मोरीत ओतायची. शेवटी सासू रानात गेलेली बघून तिनं नवऱ्याला, सुनीलला, जीप आणायला लावली.

कडूबाईला हे शेजारच्या मुक्ताबाईकडून कळलं. एसटीनं ती मागोमाग नगरला गेली आणि दवाखान्याच्या पायरीवरच तिनं लेकाला गाठलं.

"आईचा हात बाटला व्हय रं?"

सुनील पायऱ्या चढून आत गेला, आणि ती त्याच्या मागं गेली.

डॉक्टरीणबाईंनी शुभांगीला तपासलं आणि फ्रीजमधून परदेशाहून आणवलेली एक चपटी वडी काढली, बोटाच्या पेरापेक्षा लहान. तिला लांब विणलेली फीत होती. वडी शुभांगीच्या अंगात सरकवून त्यांनी फितीचं टोक बाहेर ठेवलं. सुनीलला त्यांनी समजावून सांगितलं. याला हायड्रोजेल म्हणतात. सब्जा जसा पाण्यात फुगतो तशी ही वडी आतल्या ओलाव्यानं फुगते आणि तिच्यात भरलेलं कळा आणायचं औषध थोडं थोडं सोडत राहते. सगळं औषध एका दमात गेलं तर कळा झेपायच्या नाहीत. आणि कळा फार जोरात आल्याच तर फीत ओढून वडी काढायची, की औषध बंद. कडूबाई दाराशी उभी राहून ऐकत होती. आपण इतकी वर्षं हातानं केलं ते ही बाई फितीनं करणार, म्हणून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुपार कलली तशा कळा सुरू झाल्या, आणि चांगल्या दणकून आल्या. सुनील जेवायला बाहेर गेलेला. नर्स तपासून दुसऱ्या बाईकडं गेली होती. शुभांगी डोळे मिटून कण्हत होती. कडूबाईनं पोटावर हात ठेवला. पोट दगडासारखं लागलं. ते कळेपुरतं होतं की सैल पडायचं विसरलं होतं, हे बघायला ती थांबली नाही. पोरीचं काही बरंवाईट होईल ही भीती तिला खरंच वाटली. आपल्या काढ्यांनी जे झालं नाही ते त्या वडीनं एका दुपारी केलं, हेही तिला सोसवेना. दोन्हीतलं कुठलं मोठं, ते तिलाही सांगता आलं नसतं. तिनं फीत धरली आणि ओढली. वडी मऊ, बुळबुळीत होऊन हातात आली. ती कागदात गुंडाळून तिनं खिडकीतून टाकली.

कळा हळूहळू विरल्या. डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा वडी जागेवर नव्हती. कडूबाई म्हणाली, लघवीला गेली तवा पडलं आसंल. दुसरी वडी दवाखान्यात नव्हती. मग सलाईनमधून औषध सुरू केलं. सकाळपर्यंत बाळानं आतच शी केल्यानं पोटातलं पाणी हिरवं झालं, बाळाचे ठोके मंदावायला लागले आणि पोट फाडावं लागलं. मुलगा झाला, पण उशिरा रडला. काही दिवस काचेच्या पेटीत ठेवावा लागला. वडी राहिली असती तर हे टळलंच असतं, असं डॉक्टरीणबाई छातीठोकपणे म्हणाल्या नाहीत.

शुभांगीला मात्र सगळं ठाऊक होतं. डोळे मिटलेले असले तरी हात कुणाचा ते तिला कळलं होतं. घरी आल्यावर तिनं नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, घरातलं घरात राहू दे. तिनं तोंड मिटलं, पण पोराला, तुषारला, सासूच्या मांडीवर कधी दिलं नाही. कडूबाई पाळण्याजवळ आली की ती पोर उचलून आत जायची. एका घरात दोघी वैरिणींसारख्या वावरत होत्या.

दिवाळीनंतर मुक्ताबाईची लेक बाळंतपणाला आली. तिला कळा लागल्या तशी मुक्ताबाई बोलवायला आली. बऱ्याच महिन्यांनी कुणी कडूबाईला बोलावत होतं. तिनं हातातलं सूप ठेवलं, पदर खोचला. शुभांगी पोराला कडेवर घेऊन उंबऱ्यात आली.

"काकू, यांना नेऊ नका. माझ्या कळा चालू असताना यांनी औषध ओढून काढलं, डॉक्टरला खोटं सांगितलं. हे पोर जाता जाता राहिलंय."

सुनील गोठ्यातून धावत आला. कडूबाईनं त्याला बोलू दिलं नाही.

"व्हय, ओढलं," ती म्हणाली. "पोट दगड झाल्तं. मरू द्यायची हुती व्हय तुला?"

"मला जगवायला ओढलं, तर मग सांगितलं का नाही, आत्याबाई? पडलं म्हणून का सांगितलं?"

कडूबाईनं सूप परत हातात घेतलं. मग लेकीला नगरला नेते, एवढं पुटपुटून मुक्ताबाई जीप बघायला गेली.

त्यानंतर कडूबाईला कुणी बोलावलं नाही. सुनीलनं मागच्या बाजूला तिला वेगळी चूल मांडून दिली. सून आणि डॉक्टरीण दोघी मिळून आपल्या पोटावर उठल्या, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. आपलं चुकलं, असं तिच्या तोंडून कुणी ऐकलं नाही, आणि शुभांगीनंही तिला कधी माफ केलं नाही.