पाठमोरी मनी

मार्च १९९५ मधला एक रविवार, ठरलेली रक्कम एकशे वीस रुपये, हजर तिघं: मी, बायको सुमन आणि उसाच्या ट्रॉल्या रंगवणारा कळंबचा शंकर पेंटर. आज खिडक्यांना रंग देताना टर्पेंटाइनचा वास आला आणि ती दुपार जशीच्या तशी समोर उभी राहिली.

आमची पाच वर्षांची मनी जाऊन तीन महिने झाले होते. तिच्या बालवाडीसाठी तिचंच चित्रांचं पुस्तक करायचं होतं, म्हणजे तिथली पोरं तरी तिचं नाव घेत राहतील. पण तिचा एकही फोटो नव्हता. सहाव्या वाढदिवसाला बारामतीच्या स्टुडिओत काढू, असं मीच म्हणालो होतो.

सुमन सांगत होती, शंकर काढत होता. सात चेहरे झाले.

"वहिनी, ही?"

"न्हाय. ही तुमच्या ट्रॉलीवरची बाई दिसती."

आठव्या वेळी तिनं डोळे मिटले आणि एकदम माझा हात घट्ट धरला. "अहो, मला तिचं नाक आठवंना. तुमी सांगा की!"

मलाही सांगता येईना.

शेवटी ती म्हणाली, "पाठमोरी काढा. एक वेणी सुटलेली. तेवढं पक्कं हाय."

पुस्तकाच्या दहाही पानांवर मनी तशीच पुढं चालत गेली. आता वाटतं, एखादा चुकीचा चेहरा तरी ठेवून घ्यायला हवा होता. इतक्या वर्षांत तोच खरा वाटू लागला असता.

शंकरनं साठच रुपये घेतले. "चेहरा कुठं काढला, भाऊ?" म्हणाला.