पश्चिमेला दार असलेला डबा

निवृत्त झाल्यावर बायका गुडघ्यांचं ऑपरेशन करून घेतात. मी चाकांवरचं घर करून घेतलं. बारामतीत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या एका वर्कशॉपमधून. आत दोन बाकं, एक ओटा, दाराशेजारी मोठी खिडकी आणि वर पत्रा. गाडीच्या मागं जोडायचं आणि मन रमेल तिथं उभं करायचं, अशी कल्पना. तेव्हाची मी म्हणजे नवा गॉगल घेतलेली बाई. मन रमवायला ती फार लांबही गेली नाही. इंदापुरातल्या घराला कुलूप लावलं, डाळजजवळ उजनीच्या पाण्याकाठी आमची शेताची पट्टी आहे तिथं डबा उभा केला आणि आमच्या ह्यांना सांगितलं, उन्हाळाभर इथंच राहायचं.

उन्हाळाभर, पत्र्याखाली, जिथं सावलीला एक झाड नाही तिथं. ह्यांनी फक्त "बरं" म्हटलं. त्यांचं "बरं" मला तेव्हाही कळायला हवं होतं.

सगळा खटाटोप नातीसाठी होता. ती पुण्यात असते. सुट्टीभर आजीबरोबर पाणपक्षी बघायचे म्हणून तिनं आईला भंडावून सोडलं होतं. सून तिला सोडायला आली तेव्हा शांतपणे म्हणाली, "आई, गेल्या उन्हाळ्यात हिचा घोळणा फुटला होता. मी रविवारी येते, दुपारी या डब्यात बसून बघते. तापत असेल तर घेऊन जाईन." माझी सून कधी आवाज चढवत नाही. त्यामुळे तिच्याशी भांडताच येत नाही, हा तिचा मोठा दोष.

म्हणजे रविवारपर्यंत डबा गार करायचा, नाहीतर नात गेली.

आता डबा तापत का होता, ते सांगते. डबा उभा करायच्या दिवशी माझी मैत्रीण आली. आम्ही दोघी एकाच शाळेत होतो. ती मराठी शिकवायची, मी भूगोल. डाळजलाच तिचं घर, आमच्या पट्टीला लागून तिचा ऊस. हातात नारळ घेऊन आली आणि डब्याकडं बघत म्हणाली, "बाई, दार पश्चिमेला न्हाय ठेवत. वास्तूला चालत न्हाय."

"चाकं असलेल्याला कसली वास्तू?"

"चाकं असंनात. माणसंच राहणार हायती ना आत?"

झालं. माझ्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हापासून आमच्या घरात मुहूर्त, दिशा, ग्रह सगळं बंद. वडिलांनी घर बांधलं ते लोकांनी टाळलेल्या दिवशी पाया खणून. मी त्यांची लेक. तिथंच उसाच्या बांधावर मैत्रिणीला व्याख्यान दिलं. डबा अजून गाडीला जोडलेलाच होता, कसाही फिरवता आला असता. मी तो मुद्दाम बरोबर पश्चिमेला लावला. पाणी उत्तरेला. म्हणजे दारात बसून पाणीसुद्धा दिसेना, दिसायचा तो मैत्रिणीचा ऊस. आयुष्यभर पोरांना सूर्य कुठं मावळतो ते शिकवलेली मी.

दुपार कलली की ऊन दारातून आणि खिडकीतून एकदमच आत यायचं आणि पाहुण्यासारखं बाकावर ऐसपैस बसायचं. स्टीलच्या भांड्याला हात लावायची सोय नव्हती. नात म्हणाली, "आजी, माझी उशी गरम पोळीसारखी झालीय." मी म्हटलं, हे आईला सांगायचं नाही. ती म्हणाली, ती विचारेल.

मग माझे उपाय सुरू झाले. कूलर आणला आणि गारवा बाहेर जाऊ नये म्हणून दार-खिडकी घट्ट लावून घेतली. जरा वेळानं आम्ही तिघं इडलीसारखे फुगून बाहेर पडलो. गोणपाटं भिजवून छतावर टाकली. मी शिडीवरून उतरेपर्यंत ती वाळली, आणि जे पाणी वाळलं नाही ते पत्र्यातल्या झरोक्यातून ह्यांच्या अंथरुणावर गळलं. शेवटी वाटलं, उसाचं पाचट घालावं. पण वाळलेलं पाचट कुरूप दिसतं म्हणून या शहाण्या बाईनं उसाच्या शेंड्यांचं हिरवंगार वाढं अंथरलं, कडेनं खाली झालरीसारखं सोडलं. फोटो काढून सुनेला पाठवला. संध्याकाळी पाण्यावर चाललेल्या म्हशी वळल्या आणि झालर खाऊन गेल्या. एकीनं पत्र्याला अंग घासलं तसा डबा हलला, आणि आतून ह्यांनी विचारलं, "निघालो का आपण?"

शनिवारी तेच म्हणाले, "फिरवूया का?"

"आणि माझी मैत्रीण काय म्हणेल?"

"ती काय म्हणेल म्हणून पोरीला भाजायचं?"

फिरवायला गेलो तर चाकं गाळात रुतलेली. आमची गाडी जागची हलेना. जवळपास ट्रॅक्टर एकच, मैत्रिणीचा. फोन मीच केला. तोंडातून शब्द कसा बाहेर पडला, माझं मला माहीत. ती स्वतः आली, बरोबर ट्रॅक्टर चालवणारा दीर. साखळी लावून झाल्यावर अगदी भोळ्या चेहऱ्यानं विचारते कशी, "कुठल्या दिशेला वढायचा, बाई?"

"ऊन चुकवून, पाण्याकडं."

"म्हंजी उत्तरेला तोंड."

"पाण्याकडं," मी म्हटलं.

"व्हय, तेच की," ती दिराला म्हणाली. "बाईंना उत्तर पायजे."

रविवारी सून आली. भर दुपारी डब्यात जाऊन बसली. आता ऊन आत येत नव्हतं, खिडकीतून पाणी दिसत होतं, वाराही होता. मला वाटलं, जिंकले. तिनं हात वर करून पत्र्याला लावला आणि लगेच काढून घेतला. "बसता येईल, आई. पण हिला इथं दुपारी झोपवता नाही यायचं." नात आपले कपडे पिशवीत भरायला लागली, एकेक, घडी मोडलेलेच.

दारात मैत्रीण उभी होती. म्हणाली, "दुपारचं माझ्याकडं झोपू द्या की तिला. धाब्याचं घर हाय, मातीचं. मे महिन्यात चादर लागती आमाला." सून जाऊन ते घर बघून आली आणि पिशवी परत ओट्यावर ठेवली.

तेव्हापासून रोज जेवणं झाली की आमची वरात तिच्याकडं. नात जमिनीवर चटई टाकून गाढ झोपते. मैत्रीण सुपारी कातरत आल्यागेल्याला हलक्या आवाजात सांगत असते, बाईंनी दिशा बदलली आणि पोरगी राहिली बघा. माझ्याकडं या विषयावर बोलण्यासारखं पुष्कळ आहे. पृथ्वीच्या फिरण्यापासून सुरुवात करावी लागेल. पण आवाज झाला की पोर जागी होते.