शिट्टीसरांची कबुली

शाळेत त्यांना सगळे शिट्टीसर म्हणत. मुलांच्या त्या शाळेत खेळाचे शिक्षक म्हणून त्यांची अठ्ठावीस वर्षं गेली होती. आवाज असा, की मैदानाच्या या टोकाला ओरडले तर त्या टोकाला पाणी पिणाऱ्या पोराला ठसका लागावा. माणूस वाईट नव्हता. पोरं यायच्या आधी मैदानभर फिरून खडे न् काचा वेचायचे, कुणाच्या बुटाचा तळ उचकटला तर स्वतः बसून चिकटवून द्यायचे. फक्त रडणं त्यांना खपत नसे. "मुलगा आहेस ना? पूस डोळे!" की विषय संपला.

निवृत्तीला वर्ष राहिलं असताना नव्या मुख्याध्यापिका आल्या आणि त्यांनी मुलांच्याच दोन समित्या नेमल्या. एक खेळाची, एक स्वास्थ्याची. संघ कुणी निवडायचा, सराव किती करायचा, कोण गप्प गप्प असतं, कोण डबा न खाता परत नेतं, हे सगळं मुलांनीच बघायचं. सरांनी फक्त पाठीशी राहायचं.

"म्हणजे उद्या ही कार्टी मलाच उठाबशा काढायला लावणार," सर घरी बायकोला म्हणाले.

"काढा की," ती म्हणाली. "पोट तरी आत जाईल."

स्वास्थ्य समितीचा प्रमुख म्हणून मुलांनी चष्म्याला निवडून दिलं. नववीतला हडकुळा पोरगा, उभ्या जन्मात चेंडूला पाय लावलेला नाही. सरांनी कपाळावर हात मारला. चष्म्याने पहिल्याच बैठकीत नियम केला: दुखत असेल त्याने खेळायचं नाही, आणि दुखतंय म्हणणाऱ्याला कुणी हसायचं नाही.

"दुखणं कुणाला नसतं रे?" सर म्हणाले. पण नियम कागदावर चढला.

मग आंतरशालेय स्पर्धा आल्या. रिलेच्या अंतिम फेरीआधी शेवटच्या टप्प्याचा धावपटू चष्म्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "घोटा ठणकतोय." समितीने त्याला बाहेर बसवलं. सरांचा पारा चढला.

"बूट घाल आणि उभा राहा रेषेवर!"

तो पोरगा चष्म्याकडे बघू लागला. चष्म्याने पुढे होऊन दोघांच्या मधे पाय रोवले.

"तो नाही धावणार, सर. आमचं ठरलंय."

एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडावर कुणी असं बोललं नव्हतं. संघ शेवटून पहिला आला. 

दुसऱ्या दिवशी तो धावपटू पायाला प्लास्टर घालून आला. हाडाला चीर गेली होती. डॉक्टर म्हणाले होते, काल धावला असता तर पाय कायमचा अधू झाला असता.

सर खेळाच्या खोलीत जाऊन बसले. त्यांना तीर आठवला.

एकोणीस वर्षांपूर्वीचा त्यांचा विद्यार्थी; सगळे त्याला तीरच म्हणत. असा पळणारा मुलगा त्यांना नंतर मिळाला नाही. त्याचा गुडघा सुजला होता, तरी सरांनी त्याला धावायला लावलं. तो वळणावर कोसळला. दोन ऑपरेशनं झाली, शाळा सुटली आणि सरांनी पुन्हा कधी चौकशी केली नाही. 'नशीब बिचाऱ्याचं,' असं म्हणून त्यांनी ते मनाच्या तळाशी ढकललं होतं.

जुन्या नोंदवहीतून त्यांनी पत्ता काढला. घरी तीरची आई भेटली. तिने सरांना ओळखलं, पण आत या म्हटलं नाही. दारातूनच दुकानाचा रस्ता सांगितला.

ते काचा कापायचं दुकान होतं. भिंतीला टेकवून मोठमोठ्या काचा उभ्या, मधे जाड कापड अंथरलेलं लांबलचक टेबल. तीर उंच स्टुलावर बसून पट्टीला धरून काचेवर कटर ओढत होता. ताठ डावा पाय बाजूला पसरलेला. त्याने काच टेबलाच्या कडेवर घेऊन टक्कन तोडली, मग वर पाहिलं.

"सर," तो म्हणाला. "बसा."

बसायला जागा नव्हती. सर उभेच राहिले. "तुझ्या पायाचं... माझं चुकलं, बाळा. तुझा गुडघा मला दिसत होता."

तीर कापडावरचा काचेचा चुरा ब्रशने गोळा करत राहिला.

"पायाचं काही नाही, सर. पायाची सवय झाली. मी पडलो तेव्हा रडत होतो, आठवतं?"

"हो."

"सगळी पोरं हसली. आणि तुम्हीही हसलात."

सरांना ते आठवत नव्हतं. खूप ताण देऊनही आठवेना.  एकोणीस वर्षं याने जे उराशी धरलं, ते यांच्या खिजगणतीतही नव्हतं.

"आमच्या मुलांशी बोलायला येशील एकदा? तू सांगितलंस तर..."

"नाही, सर. त्या मैदानावर नाही यायचं मला." त्याने पुढची काच टेबलावर घेतली. "जपून जा. खाली तुकडे आहेत."

घरी बायकोने विचारलं, "केलं का त्याने माफ?"

"मी माफी मागितलीच नाही," सर म्हणाले. "तोंड नव्हतं मला."

पुढच्या बैठकीत दोन्ही समित्यांची मुलं जमली, तेव्हा सर उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं. सुजलेला गुडघा, वळण, ते हसणं. आवाज इतका खाली गेला होता, की मागची मुलं पुढे सरकली. वहीत लिहिणाऱ्या मुलाने पेन थांबवलं.

"हे लिहायचं का, सर?"

"लिही. माझं नाव घालून लिही."

चष्म्याने आपली खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. सर बसले नाहीत.

त्यांना वाटलं होतं, सांगून टाकलं की छाती हलकी होईल. झालं उलटंच. त्या आठवड्यात एक मुलगा खेळाच्या खोलीत आला आणि म्हणाला, "सर, तुम्ही मलाही हसला होतात. पोहायला घाबरलो तेव्हा." मग दुसरा आला. मग तिसरा. कुणी रागाने आला नाही, सगळे मान खाली घालून, हळू आवाजात बोलले. एकही प्रसंग सरांना आठवला नाही. तरी त्यांनी कुणाला "तसं नव्हतं रे" म्हटलं नाही.

एकदा पाचवीतला गोलमटोल मुलगा बराच वेळ दाराशी घुटमळत राहिला.

"ये ना आत. काय रे?"

"तुम्ही मला हत्ती म्हणता."

"गमतीने म्हणतो रे..." सर थबकले. "हं. सांग."

"आता घरीपण सगळे हत्तीच म्हणतात. आजीपण."

सर खालच्या चटईवर बसले, त्याच्या डोळ्यांसमोर डोळे येतील असे. त्याचं खरं नाव त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांनी विचारलं, त्याने सांगितलं. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं आणि आजवर पोरांना "पूस डोळे" म्हणत आलेल्या सरांना त्या पोरासमोर स्वतःचे डोळे पुसता येईनात.