शिकत सुटलेले साडभाऊ

माझे साडभाऊ, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, यांच्याइतका स्वतःला सुधारत सुटलेला माणूस सबंध यवतमाळ जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही. आणि त्यांच्यावर माझ्याइतका जळणारा माणूसही सापडणार नाही. कापसाला बोंडअळी लागली, भाव पडला, पाऊस दगा देऊन गेला, घाटंजीच्या बाजारात माणसं एकमेकांना रामराम करतानाही सुतकात असल्यासारखी दिसायची; त्या वर्षांत हा गृहस्थ दर दोन-चार महिन्यांनी काहीतरी नवीन शिकून यायचा. शेत त्यांचं, अळी त्यांच्या बोंडांत, आणि तोंड उतरलेलं माझं! मी कचेरीतला कारकून. पहिली तारीख माझी कधी चुकली नाही. पण माझी प्रगती म्हणाल तर ती फक्त पँटच्या कमरेत दिसायची. आणि बायको उठल्याबसल्या म्हणायची, "भाऊजी पाहा अन् तुम्ही पाहा!" देवाजवळ माझं एकच मागणं होतं: हा माणूस एका तरी गोष्टीत माझ्यापुढे कमी पडावा, आणि ते हिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं.

पन्नाशीला टेकल्यावर त्यांनी पोहायला शिकायचं ठरवलं. विहिरीचा तर तळ दिसत होता. मग काय, ओसरीत बाजेवर पालथे पडून हातपाय मारायला लागले. गाव बघायला यायचं. मीही गेलो, चहा पीत पीत पोटभर हसून आलो. पुढे पावसाळ्यात आम्ही सगळे पुसदला नातलगांकडे गेलो, तर वाटेत एक भरलेला तलाव दिसला आणि साडभाऊंनी सदरा काढला. बुडावेत असं नाही हो वाटलं, माणूस आहे मी! पण दोन घोट पाणी नाकात जावं, थोडा ठसका लागावा, एवढं वाटलं. छे! आरामात दूरवर जाऊन परत आले आणि केस झटकत म्हणाले, "बाजेपेक्षा पान्यात सोपं जाते, साडभाऊ." बायको माझ्याकडे अशी पाहत होती, जणू त्यांची विहीर मीच आटवली होती.

मग गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची भाषा. तांड्यावरच्या बायका त्यांच्या शेतात कापूस वेचायला येत, तर त्यांच्याशी त्यांच्याच बोलीत बोलायचं खूळ डोक्यात शिरलं. पहिल्या दिवशी काय बोलले कोण जाणे, बायका हसता हसता शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच, बसल्या आणि त्या दिवशीची वेचणी तिथंच थांबली. दुसरा असता तर शरमेनं घरात बसला असता. हे दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर! वर्षभरात तांड्यावरच्या लग्नाचं आवतण घरी आलं, आणि तेही पहिल्या पंगतीचं. मला आमच्या गल्लीत बारशालाही कोणी आठवणीनं बोलावत नाही.

सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, तर अशी करायला लागले, की त्यांच्या बायकोनं कढई कायमची त्यांच्याकडे सोपवली. आमच्या घरात त्यावर आठ दिवस चर्चा. "तुमाले चहा तरी गाळता येते का?" मी जिद्दीनं गाळला. गाळणी न घेता.

आणि एका पाडव्याला त्यांनी राग सोडला. लोक तंबाखू सोडतात, हे राग सोडून आले! त्याच हंगामात कापूस घेऊन खरेदीच्या यार्डात गेले. व्यापाऱ्याच्या माणसानं मूठभर कापूस हातात दाबला आणि "ओला आहे" म्हणून गाडी बाजूला लावायला सांगितली. रांगेतली माणसं आधीच तापलेली, शिव्यांचा पाऊस सुरू झाला. साडभाऊ गाडीवर उभे राहिले आणि म्हणाले, "भाऊ हो, पहिले डोळे मिटा अन् लंबा श्वास घ्या!" कशी काय, पण लोकांनी खरंच घेतला. यार्डात कापसाची तूस उडत होती, ती सगळ्यांच्या नाकात गेली आणि अख्खी रांग शिंकायला लागली. शिंकता शिंकता हसायलाही लागली. व्यापाऱ्याचा माणूससुद्धा हसला. गाडी मात्र बाजूलाच राहिली, तो काही कापूस घेईना. तिथून साडभाऊ परतले ते शीळ वाजवत. हे मला सगळ्यात जास्त झोंबलं. माझ्या टेबलावरची फाईल कोणी हलवली तरी मला दोन दिवस जेवण गोड लागत नाही.

पुढच्या सालच्या सीतादहीला आम्ही त्यांच्या शेतात गेलो होतो. पहिल्या वेचणीआधी बायका पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, झाडाची पूजा करतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि मग सगळे शेतातच जेवतात. बोंडं किडलेली होती, तरी पूजा काही चुकवली नाही. जेवण झालं, बायका वेचायला गेल्या आणि मी नेहमीप्रमाणे निंबाखाली खांद्यावरचा दुपट्टा अंथरला. तेवढ्यात साडभाऊ शेजारी येऊन बसले.

"तुम्ही आडवे झाले का लगेच झोपता. कसं जमते तुमाले?"

मी भडकलो. "टोमणा मारून राह्यले काय?"

"नाही हो. मले शिकाचं आहे." त्यांनी बायकांकडे पाहिलं, आवाज बारीक केला. "तीन-चार सालापासून झोप नाही मले. डोळा लावला का हे किडलेले बोंडं दिसते. हात रिकामा राह्यला का भेव वाटते. म्हनून तर काही ना काही शिकून राह्यलो. दोघी बहिनींले नका सांगू."

सरकून मी त्यांना दुपट्ट्यावर जागा दिली. "चप्पल काढा. पडा."

"मंग?"

"मंग काही नाही."

"काही नाही मंजे? ते कसं करायचं?"

"करायचंच नाही काही!"

ते कवायतीला उभं राहावं तसे ताठ आडवे पडले. डोळे टक्क उघडे, नजर पऱ्हाटीकडे. शेवटी मीच उठून त्यांच्या आणि शेताच्या मध्ये बसलो. "तुम्ही नका पाहू तिकडे. मी पाहतो. मी आहो नं इथं."

थोड्या वेळानं घोरण्याचा आवाज आला. आणि खरं सांगतो, मी पुन्हा जळलो. जन्मभर घासलेली माझी एकुलती एक विद्या, आणि हा माणूस एका दुपारात माझ्यावरताण घोरतो! मी मात्र टक्क जागा. बोंडांकडे बघत. इतकी किडलेली होती, की बघवत नव्हतं.

बायको कापसानं भरलेला पदराचा ओटा सावरत आली आणि थबकली. "अगंबाई, भाऊजी दुपारचे झोपले? काहून? काही होते का त्याईले?"

इतकी वर्षं देवाकडे मागितलं ते समोर पडलं होतं. तोंड उघडायचा अवकाश होता.

"काही नाही," मी म्हणालो, "पोहून पोहून दमले असतील. हळू बोल."

ती हसून चहा मांडायला गेली. ऊन त्यांच्या तोंडावर यायला लागलं होतं, म्हणून मी जरा सरकून बसलो.