सकाळची फेकलेली नळी

आमच्या थोरल्या भाऊजींना घरातली पोरं 'डास' म्हणतात. बावीस वर्षं रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत लोकांचं रक्त काढणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? त्यांनाही राग नाही. "डास न विचारता चावतो, मी मूठ घट्ट धरा म्हणून सांगतो," म्हणतात.

त्यांची एक शिस्त होती. यंत्रातून निकाल आला की आधी आकडे वाचायचे, नाव नंतर. श्वासाच्या तापाची साथ आली तेव्हा तीन आकडे ते सगळ्यात आधी बघत. अंगात सूज किती, पेशींची मोडतोड किती आणि लढणाऱ्या पेशी किती उरल्यात. तेवढ्यावर सांगत, हा घरी जाईल, हा तिसऱ्या मजल्यावर. तिसऱ्या मजल्यावर कृत्रिम श्वासाची यंत्रं होती. "ताप आजचं सांगतो, रक्त परवाचं," म्हणायचे. सहसा चुकत नसत. आम्हांला भीती त्याचीच वाटे.

मग भाऊजींची बायको, आमच्या जाऊबाई, आमच्या ताईच तापल्या. पाचव्या दिवशी ताप उतरला, खोकला तेवढा उरला. आम्ही खालच्याच मजल्यावर राहतो. मी डबा घेऊन वर गेले तर बाई कपड्यांच्या घड्या घालत बसलेल्या. भाऊजींनी कामावर निघताना स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून त्यांचं रक्त नेलं होतं.

"वीस वर्षं पीत होतेच, आता नळीत भरून नेलं," ताई म्हणाल्या. हसता हसता मध्येच थांबल्या आणि घडी घातलेला टॉवेल उलगडून पुन्हा घडी घालू लागल्या.

दुपारी भाऊजी अचानक परत आले. पुन्हा सुई, पुन्हा नळी.

"अहो, सकाळचं सांडलंत की काय?"

"खराब झालं. स्कूटरवर हेलकावे बसले. पेशी फुटल्या की आकडे भलतेच येतात. फेकून दिलं."

"बघ गं, बायकोचं रक्तसुद्धा नीट सांभाळता येत नाही."

भाऊजी हसले नाहीत. मला ते तेव्हाच खटकायला हवं होतं.

संध्याकाळी माझ्या फोनवर त्यांचा आवाज आला. "हिला चपला घालायला सांग. रुग्णवाहिका निघालीय."

"मी ठणठणीत आहे," म्हणत ताई स्वतःच्या पायांनी जिना उतरल्या. मधल्या वळणावर कठडा धरला. "तू हो पुढे. मी जरा…" पुढचं वाक्य आलंच नाही. नखं निळसर दिसत होती.

तिसऱ्या मजल्यावर डॉक्टरांनी कागद चाळले. "दुपारचेच आकडे इतके वाईट? आधी तपासणी नव्हती केली?"

"सकाळी केली होती. मी फेकली."

"का?"

भाऊजी भिंतीकडे बघत बोलले. "नमुना खराब असता तर नळीतलं वरचं पाणी लालसर दिसलं असतं. पिवळं स्वच्छ होतं. आणि पेशी फुटल्या तर मोडतोडीचा आकडा चढतो, सूज चढत नाही. तिन्ही आकडे वाईट होते. मी शेजारच्याला म्हणालोसुद्धा, हा तिसऱ्या मजल्यावर जाणार."

"मग?"

"मग नाव वाचलं."

डॉक्टर आत गेले. थोड्या वेळानं परिचारिका बाहेर आली आणि रोजच्या सवयीनं रिकामी नळी भाऊजींपुढे धरली. "अजून एक नमुना हवाय, पटकन."

भाऊजींनी दोन्ही हात खिशात घातले. "दुसऱ्या कोणाला तरी बोलवा," म्हणाले.