सातपुड्यात चिकटवलेला समुद्र

…तर सुपडूआप्पांचा हात अजून खळीच्या घमेल्यातच होता, कोपरापर्यंत. काल गोष्ट तिथंच तर थांबवली होती, बुधवाऱ्यातल्या शाळेच्या ओट्यावर. कागदाच्या भिजक्या पट्ट्या आप्पा एकेक करून वर काढत होते, उन्हात धरत होते, आणि शिव्या अशा देत होते की समोरचा पानवाला चुना लावायचा विसरला.

फोपनारचा हा केळीवाला माणूस आठ वर्षं मालवाहू जहाजावर सुकाणी होता, हे गावात कोणाला खरं वाटत नसे. पण होता! शाहपुरचा भाईदास आणि ते एकाच पाळीचे. रोज दुपारी जहाज कुठं असायला हवं होतं आणि खरोखर कुठं आहे, हे कप्तान ताडून पाही. जो फरक निघे, तेवढं पाण्यानं रेटलं. भाईदास तो आकडा पेन्सिलीनं आपल्या वहीत उतरवी. लाटांची उंचीही लिही. कार्तिकात विषुववृत्तावर पाणी जहाजाला पूर्वेला ढकलायचं, दिवसाला तीस-चाळीस मैल. पण एखाद्या साली तिथला वाराच फिरायचा, आणि तेच पाणी, त्याच कार्तिकात, पश्चिमेला ओढायचं. लाटा एका साली कमरेएवढ्या, तर दुसऱ्या साली दोन पुरुष उंच.

अशाच एका उलट्या साली नव्या कप्तानानं छापील नकाशातला नेहमीचा प्रवाह धरून जहाज हाकलं. यंदा पाणी उलटं आहे, म्हणत भाईदासनं वही पुढं केली. कप्तान हसला. तिसऱ्या दिवशी भर दुपारी जहाज प्रवाळाच्या खडकावर चढलं. भाईदास गेला. वही त्यानं आप्पांच्या कमरेला बांधली होती, म्हणून घरी आली.

तीच ही वही! छप्पन साली राजधानी म्हणून नागपूर सुटलं, भोपाळ आलं, आणि शाळेनं नव्या राज्याचं प्रदर्शन मांडलं. भूगोलाचे नंदकुमार मास्तर फोपनारला गेले. "आप्पा, इथं समुद्र कोणी पाहिलाय? पोरांना दाखवतो तुमची वही." आप्पा फुगले आणि देऊन बसले. मास्तर मोठे नेटके. त्यांनी आठही वर्षांची सरासरी काढली, वळणदार अक्षरात फळ्यावर लिहिली: कार्तिकातला प्रवाह, रोज अठरा मैल, पूर्वेला. मग राज्याच्या उठावदार नकाशावर खळ-कागदाचे डोंगर करायचे, तर कागद कमी पडला. काम झालेली वही हाताशी होतीच. फाडल्या पट्ट्या, बुडवल्या खळीत! आप्पा पोचले तेव्हा भाईदासची पहिली पाच वर्षं सातपुडा होऊन वाळत होती.

"हे काय केलंत हो मास्तर! माणूस मेला नं याच्यापायी!"

"रागावू नका आप्पा," मास्तर हात पुसत म्हणाले. "कागद गेला, पण सार राहिलं ना! आठ वर्षं एका ओळीत आणलीत मी."

आप्पांनी खळीचा हात फळ्यावरून फिरवला. अठरा मैल पुसले गेले. नकाशाशी वाकून त्यांनी नखानं एक डोंगर खरवडला. खाली पेन्सिलीचं अक्षर जसंच्या तसं होतं. तिथंच मांडी घालून बसले आणि जे बोलले, ते शब्दाला शब्द हे:

"अठरा मैल पाणी कोण्या साली वाहिलं, मास्तर? एकाबी साली नाही! छापील नकाशातबी तुमच्यासारखंच सार होतं, त्यानंच माझ्या भाईदासले खाल्लं. आता पाणी आणा आणि भिजवा हा सातपुडा. जोपर्यंत त्याचं एकेक साल मला अलग अलग वापस भेटत नाही, तोपर्यंत मी इथून हलणार नाही."